वैनगंगेच्या अल्याड-पल्याड

नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे गडचिरोलीची एसटी धरली की नागभीड येईपर्यंत खिडकीबाहेरचं शिवार पालटलेलं असतं. कापूस-सोयाबीनची काळी रानं मागे पडतात आणि धानाच्या बांध्या लागतात. मी गेलो तेव्हा मे महिन्याचा पहिला आठवडा होता. बांध्यांना भेगा पडल्या होत्या, धुऱ्यांवरची पळसाची झाडं नव्या पानांनी भरली होती आणि सकाळी नऊलाच बसच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. पुढचं ब्रह्मपुरी तर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत हटकून असतं.

बदलत्या हवामानात तग धरणारी उपजीविका हे शब्द अलीकडे सरकारी योजनांत, संस्थांच्या अहवालांत सगळीकडे भेटतात. पण जंगल आणि शेती या दोन्हींच्या आधाराने जगणारं गाव पाऊस चुकल्यावर काय करतं, कशावर दिवस काढतं, हे मला त्या गावांत बसून समजून घ्यायचं होतं. त्यासाठी पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. इथे गावाच्या एका अंगाला बांधी असते आणि दुसऱ्या अंगाला जंगल.

नागभीड तालुक्यातलं नांदेड हे दादाजी खोब्रागडे यांचं गाव. दीडेक एकराचा धनी, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली आपल्या बांधीतल्या ‘पटेल ३’ या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून आलेला बारीक, चवदार तांदूळ पुढे त्या काळी गाजलेल्या घड्याळाच्या नावाने ‘एचएमटी’ म्हणून देशभर पोचला. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले. शेवटच्या आजारपणापर्यंत पैशांची ओढाताण त्यांच्या मागे होती, ही गोष्ट मला अजून सलते. लोंबी-लोंबी न्याहाळणारा शेतकरी हाच बदलत्या हवामानातला पहिला संशोधक असतो, आणि आपण त्याला त्याचं देणं दिलं नाही.

बसमध्ये शेजारी बसलेल्या, आरमोरीला उतरणाऱ्या शेतकऱ्याला मी धानाबद्दल विचारलं आणि त्याने मला हलका-भारीचा हिशेब सांगितला. लवकर निघणारा तो हलका धान, मधला मध्यम, उशिरा निघणारा तो भारी. वरच्या, पाणी न धरणाऱ्या बांधीत हलका लावायचा. खोलातल्या, ओल टिकणाऱ्या बांधीत भारी. पाऊस लवकर संपला तर हलका हाती लागतो, लांबला तर भारी साधतो. “सगळा एकच धान लावला का मंग एकाच पान्यात सगळाच जाते,” तो म्हणाला. पूर्वी हे प्रत्येक घरात होतं. आता बाजाराला एकाच जातीचं पोतं हवं असतं, म्हणून बांध्यांमधली ही वाटणी मोडत चालली आहे.

पाऊस इथे मुळात कमी पडत नाही. अडचण त्याच्या येण्याची आहे. जूनच्या पहिल्या सरींवर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकावेत आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं राहावं. पऱ्हे करपतात, रोवणा म्हणजे लावणी लांबते. रोवणा झाला की दोन दिवसांत महिन्याचं पाणी कोसळतं. आणि कापणी झाली, कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पसरलेल्या असल्या, की नेमका तेव्हा अवकाळी. ओल्या कडपांना कोंब फुटतात. या मुलखाच्या जुन्या लोकांनी पावसाच्या या लहरीपणावर तलाव आणि बोड्यांचा, म्हणजे लहान तळ्यांचा, उतारा शोधला होता. गोंड राजवटीत आणि पुढे मालगुजारांच्या काळात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो तलाव बांधले गेले. कोहळी समाज त्या कामात वाकबगार. आज कागदोपत्री त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, बोलण्यात ‘मामा तलाव’. १९५० च्या दशकात मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढणं, पाळ सांभाळणं, पाणी वाटणं ही गावाची रीत हळूहळू सुटली. ऑगस्टमधल्या वीस दिवसांच्या उघडिपीत धान वाचवायला एक पाणी लागतं. ते एक पाणी या तलावांत असायचं. नव्या योजना आखताना आधी हा गाळ काढावा, असं मला ठामपणे वाटतं.

ब्रह्मपुरी सोडल्यावर वैनगंगेचा पूल येतो. मे महिन्यात पात्रात वाळूच जास्त होती. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने याच नदीने ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोलीच्या काठची गावं बुडवली होती. त्या पुरात भरात आलेला धान चिखलाखाली गेला. पलीकडच्या काठावर उतरताना बसमधल्या दोन बायका अजून त्याच पुराबद्दल बोलत होत्या.

गडचिरोलीत माझा एक कार्यकर्ता मित्र आहे, ग्रामसभांच्या हिशेबाच्या वह्या लिहायला मदत करणारा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही धानोऱ्याच्या रस्त्याला लागलो. गाव संपतं न संपतं तोच दोन्हीकडे जंगल सुरू होतं: साग, येन, बिजा, मोह, तेंदू, आणि त्यांच्या मधून बांबूच्या रांज्या, म्हणजे बेटं. या जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग वनक्षेत्र आहे.

रस्त्यालगतच्या एका गावी तेंदूची फळी लागली होती. फळी म्हणजे विडीसाठीची ही पानं गोळा करून वाळवायचं ठिकाण. घरची सगळी माणसं पहाटे तीन-चारला जंगलात जातात, दहापर्यंत पानं घेऊन परततात, मग ओसरीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि दुपारनंतर फळीवर मोजून देतात. मोकळ्या जागेत पुड्यांच्या रांगा उन्हात मांडलेल्या होत्या. दोन-तीन आठवड्यांचा हा हंगाम. वर्षातली सर्वांत मोठी रोख रक्कम कित्येक घरांत याच दिवसांत येते. त्यातून पावसाळ्याचं बी-बियाणं, खत आणि पोरांची शाळा निघते. पण एका दुपारी वादळ आलं, गारपीट झाली, की झाडावरचं पान फाटतं आणि फळीवरचं काळं पडतं. शिवाय वाघ. तेंदूच्या दिवसांत वाकून पानं तोडणाऱ्या बायकांवर हल्ले होतात, दरवर्षी माणसं जातात. हे लिहिताना हात जड होतो, पण ते वगळून या उपजीविकेबद्दल लिहिणं खोटं ठरेल.

ओसरीत पुडे बांधणाऱ्या एका आजींजवळ आम्ही बसलो. “बसा जी,” म्हणत त्यांनी बाज पुढे ओढली आणि हातातलं काम थांबवलं नाही. वर्षभर घर कशावर चालतं, असं विचारल्यावर त्या महिन्यांमागून महिने सांगत गेल्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. त्यानंतर चारोळी. मे महिन्यात तेंदू. मोहाच्या फुलानंतर मोहाची टोळ, तिचं तेल. पावसात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि रानभाज्या, अळिंबी. मग रोवणा. दिवाळीच्या आसपास धान. कापणीआधी उभ्या धानात लाखोरी आणि जवस फेकायचं, त्याला उतेरा म्हणतात. धानाखालच्या उरल्या ओलीवर ते पीक येतं, वेगळं पाणी लागत नाही. हिवाळ्यात हिरडा, बेहडा, डिंक, आणि बांबूची तोड. “धान गेला त बांबू हाय जी,” आजी म्हणाल्या. “बांबू नाई त मोहा हाय. सगळाच एकदम कसा जाईल?”

माझ्या मते सगळ्या प्रवासाचं सार या वाक्यात आहे. ज्या घराचे दहा महिने दहा वाटांनी चालतात, ते घर एक वाट बंद झाल्यावर उभं राहू शकतं. पण या दहा वाटांपैकी निम्म्याहून अधिक जंगलातून जातात. ते जंगल कुणाच्या हाती आहे, तोडीचा आणि विक्रीचा निर्णय कोण करतो, पैसा कुणाकडे येतो, हे ठरल्याशिवाय आजींचं हे गणित कागदावरच राहिलं असतं. आणि फार काळ ते तसंच होतं. मोहफूल पडेल भावात जायचं, चारोळी मिठाच्या मोबदल्यात द्यावी लागायची, बांबू कागद कारखान्याच्या करारात अडकलेला.

ते कसं बदललं, याची सुरुवात याच रस्त्यावर, गडचिरोलीपासून तीसेक किलोमीटरवर असलेल्या मेंढा (लेखा) गावात आहे. शंभरेक घरांचं गोंड गाव. कठाणी नदी जवळून वाहते. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. गावात शिरल्यावर तिच्यामागचे कष्ट दिसू लागतात. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं, त्यात हे गाव होतं. धरणं थांबली. मग गावाने स्वतःच्या जंगलाकडे पाहायला सुरुवात केली. देवाजी तोफा हे गावातले, मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले. या दोघांच्या साथीने गावात अभ्यासगट बसू लागला. एक विषय घ्यायचा, तो समजेपर्यंत बोलायचं, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने करायचा. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा. यात वेळ फार जातो. पण निर्णय झाल्यावर तो मोडायला कुणी उरत नाही.

या अभ्यासातून काय काय निघालं ते पाहा. कठाणीत विष टाकून मासे मारायचे नाहीत. मध काढताना माशा जाळायच्या नाहीत; पोळं न मोडता मध कसा काढायचा ते लोक शिकून घेतात. फळझाडं तोडायची नाहीत. नाल्यांवर दगडांचे बांध घालायचे. ग्रामसभेमार्फत मिळालेल्या कामाच्या मजुरीतला दहावा हिस्सा गावाच्या कोषात टाकायचा, म्हणजे अडीअडचणीच्या वेळी सावकाराचं दार वाजवावं लागत नाही. हे सगळं हवामानबदल हा शब्द गावात पोचण्याआधीचं आहे.

वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि ऑगस्ट २००९ मध्ये मेंढा व शेजारच्या मर्दा या गावांना सामूहिक वनहक्काचे पट्टे मिळाले. देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी ही गावं. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आलं. तरी गोष्ट संपली नव्हती. कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क सांगतो. पण जंगलातून तोडलेला बांबू रस्त्यावर आणायला वाहतूक परवाना लागतो आणि ते परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे होतं. पट्टा हाती असून बांबू विकता येत नाही, अशी जवळपास दोन वर्षं गेली. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्याआधीच्या आणि नंतरच्या बारीकसारीक घटना मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात आहेत. ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी ते जरूर वाचावं.

मेंढ्याच्या जंगलाच्या कडेला उभं राहून मित्राने मला रांजी वाचायला शिकवलं. इथला बांबू मुख्यतः मानवेल. रांजीच्या मधले जुने, पिकलेले बांबू काढायचे. या वर्षीचे कोवळे आणि त्यांना आधार देणारे बाहेरचे ठेवायचे. सगळी रांजी साफ केली तर पुढच्या पावसात निघणारे कोंब वाऱ्याने आडवे होतात. ठेकेदाराला एका हंगामाचं पाहायचं असतं, त्यामुळे तो मधला बांबू काढण्याचे कष्ट घेत नाही, कडेकडेचे छाटत जातो. गावाला पुढच्या वर्षीही याच रांजीकडे यायचं असतं. तोडीच्या पद्धतीत फरक पडतो तो इथून. अर्थात बांबूवरही सगळा भार टाकून चालत नाही. मानवेलाला काही दशकांनी एकदम फुलोरा येतो आणि फुललेल्या रांज्या वाळून मरतात. मग नवी रोपं मोठी होईपर्यंत काही वर्षं तोड थांबते. त्या वर्षांत मोह, तेंदू, धान आणि कोषातली शिल्लक कामी येते.

आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. उत्तरेकडच्या कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली. एकेकट्या गावाला व्यापारी जो भाव देत नाही, तो नव्वद गावांना द्यावा लागतो. शिवाय तिथे बायकांनी ग्रामसभेत बसण्याचा, बोलण्याचा आग्रह धरला, आणि खाणींविरुद्धच्या लढ्यातही त्या पुढे राहिल्या. मला तिथे या खेपेला जाता आलं नाही.

परतीच्या वाटेवर मी मित्राला विचारलं, तुझ्यासारख्यांचं यात काम काय? तो जरा वेळ गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, “वही. दुसरं काय! लिलावाची जाहिरात कशी द्यायची, करारात कोणती अट घालायची, हप्ता थकला तर पत्र कुणाला लिहायचं, बँकेत सह्या कुणाच्या, एवढंच. कुठला बांबू तोडायचा हे त्यांना माझ्यापेक्षा कळतं.” गावांना मदत करण्याबद्दल मी ऐकलेलं हे सर्वांत नेमकं उत्तर आहे. तेंदूचा व्यापारी ग्रामसभेशी करार करतो, पानं उचलतो आणि शेवटचे हप्ते थकवतो, हे या जिल्ह्यात कित्येकदा घडलं आहे. अशा वेळी गावाला वकील हवा असतो, हिशेबनीस हवा असतो, हंगामाआधी खेळतं भांडवल हवं असतं, गोदाम हवं असतं. आपण मात्र बहुतेकदा रोपं वाटतो आणि प्रशिक्षणाच्या दिवशी जेवण देतो.

तिसऱ्या दिवशी चामोर्शी, आष्टी करत पुन्हा वैनगंगा ओलांडली आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यात पाचगावला गेलो. हे गाव मला मेंढ्याहूनही जास्त विचारात टाकून गेलं. श्रमिक एल्गार संघटनेच्या साथीने या लहानशा गावाने वनहक्काचा दावा लावून धरला आणि २०१२ मध्ये १,००६ हेक्टर जंगलाचा हक्क मिळवला. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल वारंवार लिहिलं आहे. हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने जे ठरवलं त्यात एक ठराव असा होता की आपल्या जंगलातला तेंदू तोडायचा नाही.

मी कालपरवाच फळी पाहून आलो होतो. मे महिन्यात त्या पैशाला काय मोल असतं हे मला माहीत होतं. मग हा ठराव का? कारण त्यांनी पाहिलेलं होतं. कोवळी, बिनडागाची पानं मिळावीत म्हणून झुडपं छाटली जातात, फांद्या तोडल्या जातात आणि नवी पालवी जोमाने यावी म्हणून जंगलाला आगी लावल्या जातात. आग लागली की पालापाचोळा जातो, रोपं जातात, बांबूचे कोंब जातात, जमिनीची ओल उडते. छाटलेल्या तेंदूला टेंभरं लागत नाहीत. ते फळ माणसं खातात, अस्वलं आणि पाखरंही खातात. पाचगावकरांनी हिशेब केला की बांबू नीट राखला तर त्याची मजुरी आणि विक्री मिळून घरं चालतात. तेंदूसाठी तो बांबू जाळण्यात अर्थ नाही. शिवाय विडी शरीराला घातक, हेही त्यांनी बोलून दाखवलं. जंगलाचा एक भाग त्यांनी देवाचा म्हणून पूर्ण राखून ठेवला. पाळीपाळीने गस्त सुरू केली. पूर्वी कामासाठी बाहेर जाणारी तरुण माणसं गावात थांबू लागली.

उन्हाळ्यात आग न लागलेलं जंगल कसं दिसतं ते मी तिथे पाहिलं. रस्त्यात ठिकठिकाणी काळवंडलेली जमीन पाहत आलो होतो. इथे पायाखाली पाचोळ्याचा जाड थर होता, आणि तो काठीने बाजूला केल्यावर खालची माती हाताला थंड लागली, तीही मे महिन्यातल्या दुपारी. पहिला मुसळधार पाऊस या थरात मुरतो, खालच्या बांध्यांत सावकाश उतरतो. शेती आणि जंगल यांचं नातं मला तिथे बोटांनी कळलं.

प्रत्येक गावाने तेंदू सोडावा असं मी म्हणणार नाही. फळीवरच्या आजींना ते परवडणारं नाही आणि त्यांच्या गावाचा निर्णय त्यांचा आहे. पाचगावचं मोठेपण मला असं दिसतं की रोख पैसा समोर असताना ग्रामसभेने वीस वर्षांपुढचं पाहिलं, आणि असं पाहणं तिला शक्य झालं, कारण वीस वर्षांनंतरही हे जंगल आपल्याच हाती असेल याची तिला खात्री होती. ज्याला उद्याची शाश्वती नाही तो आजच सगळं तोडून घेतो. मग ते गाव असो की ठेकेदार.

वाचकांपैकी कुणाला या गावांना जावंसं वाटलं तर एवढं करा. अचानक जाऊ नका. आधी कळवा, ग्रामसभेची सवड विचारा. उन्हाळ्यात गेलात तर तेंदूची गडबड असते, त्या दिवसांत लोकांचा वेळ मागू नका. दिवाळीनंतर जा, तेव्हा धान निघालेला असतो आणि बांबूची तोड सुरू होत असते. आणि शहरात राहून काही करायचं असेल, हिशेब, कायदा, बाजार यांतलं काही येत असेल, तर ते घेऊन जा. कित्येक ग्रामसभांकडे जंगल आहे, माणसं आहेत. वही लिहून देणारं माणूस अजून हवं आहे.